डबा, विहीर आणि उजनी : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

'एक जुना सोलापूरकर' अशी सही केलीत म्हणून काका म्हणते. वयानं लहान असाल तर हसून सोडून द्या. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी खेळ सांगते : डबा कुठंतरी लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी तो शोधायचा. अशा डब्याला जिओकॅश म्हणतात. मी तो पाण्याखाली ठेवते, त्याबद्दल इथं लिहिलं होतं. त्यावरचे तुमचे आक्षेप असे. शहरात चार-पाच दिवसांआड नळ येतो आणि ही बाई पाण्यात डबे लपवत फिरते. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, तेव्हा 'जिओकॅश' वगैरे सगळी थाप. डबे म्हणजे शेवटी कचराच. पोरं बघून विहिरीत उतरतील. आणि उजनी धरणात बुडालेल्या पळसदेवच्या देवळाच्या पायरीशी डबा ठेवायचं मी जे लिहिलं होतं, ते तुम्हाला फार लागलं.

नळाबद्दल काय बोलू? माझ्याही घरी तीच पिंपं आणि तीच रात्री दीडची मोटर. पण मी डबा बुडवल्यानं कुणाची घागर रिकामी राहिली नाही, एवढंच.

जीपीएसचं तुमचं निम्मं बरोबर आहे. उपग्रहाचा सिग्नल पाण्यात शिरत नाही, वीतभर खाली गेलं की यंत्र मुकं. हा खेळच जीपीएसच्या जिवावर जन्मला. २ मे २००० ला अमेरिकेनं नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. पाण्याखालच्या डब्याचे अक्षांश-रेखांश म्हणजे त्याच्या वरच्या पृष्ठभागावरची जागा. तिथं वजन लावलेली दोरी सोडायची, दोरी धरून तळाला जायचं, दोरीच्या बुडाला दुसरी दोरी बांधून तिच्या टोकाला धरून गोल फिरायचं. एक फेरी पूर्ण झाली की दोरी हातभर सैल सोडायची, पुन्हा फेरी. गुऱ्हाळाचा बैल आठवा. यात थाप कुठं आहे?

कचऱ्याचा मुद्दा मात्र मला टोचला, कारण माझा पहिला डबा खरोखरच कचरा झाला होता. मोहोळ तालुक्यात मामाची बांधीव विहीर आहे. दिवाळीनंतर तिच्यात तीस फूट पाणी असतं. मी दोन लिटरचा, रबरी कडेच्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा नेला. आत वही, पेन. खाली तीन किलोची वीट बांधली आणि सोडला. बुडेचना! दोन लिटर हवा बुडवायची तर डब्यासकट दोन किलोच्या वर वजन लागतं, हे मला पाठ होतं. पण पाण्यात विटेचंही वजन निम्म्यावर येतं, ते डोक्यातून गेलं होतं. मामी काठावर उभी राहून बघत होती, काही बोलली नाही.

मग दोन विटा. गेला तळाला. पंधरा दिवसांनी काढला तर झाकण आत दबलेलं, वहीचा लगदा. तीस फुटांवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ एक किलोचा जादा भार पडतो. माझ्या झाकणाचा व्यास बारा सेंटिमीटर, म्हणजे त्याच्यावर शंभर किलोचं पोतं ठेवल्यासारखंच.

आता मी उलटं करते. आजीचा जुना स्टीलचा डबा घेतला, त्याला खिळ्यानं भोकं पाडली. पाणी आत-बाहेर सारखंच, त्यामुळे दाबाचा प्रश्नच उरत नाही. आत प्लास्टिकची पाटी आणि सुतळीनं बांधलेली शिसपेन्सिल. पेन्सिल पाण्याखालीही उमटते. डबा त्याच विहिरीच्या कोनाड्यातल्या कडीला बांधलेला आहे, दर उन्हाळ्यात वर येतो, घासून परत जातो. आजवर शोधणारे दोन : मामेभाऊ आणि माझ्याबरोबर शिकलेली मैत्रीण. जग गाजवलंय असं मी म्हणत नाही. आणि हो, स्कूबा, म्हणजे पाठीला हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली पोहणं, मी मालवणला शिकले, पण तिथं एकही डबा ठेवलेला नाही. तिथं प्रवाळ आहे, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि माझ्या हौसेपायी तिथल्या खडकाला दोरी बांधायची नाही.

पोरांचं म्हणाल तर तुमची भीती खोटी नाही. मीसुद्धा त्याच विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकले. पण पोहणं वेगळं आणि हे वेगळं. उतरण्याआधी मोटरच्या स्टार्टरचा फ्यूज काढून मी स्वतः मामाच्या हातात देते. पडीक विहिरीत तर उतरतच नाही, तिथली खराब हवा माणूस गिळते. पाण्यात दोघं, काठावर दोरी धरून तिसरा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे आणि किती खोल किती वेळ थांबायचं ते सांगणारे डायव्हिंगचे तक्ते तीनशे मीटरच्या वर सुधारून वापरावे लागतात. विहिरीत त्यानं फारसा फरक पडत नाही, तरी हिशेब करूनच उतरते. बारावीतल्या भाच्यानं हट्ट धरला होता. त्याला पाटी पुसायचं काम दिलंय.

आता उजनी. तुम्ही लिहिलंत, "ती आमची वेस आहे, तुमच्या खेळाचं मैदान नव्हे." हे वाक्य वाचून मी लॅपटॉप मिटवला होता.

मी ते लिहिलं तेव्हा माझ्यासमोर फक्त एक फोटो होता : उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर वर आलेलं शिखर. उजनीकाठच्या माणसाला त्या पाण्याखाली घर, चिंच, मसणवटा दिसतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तसं बघता तो बेत अडाणीही होता. पूर्ण भरलेल्या उजनीत ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, त्यातलं सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी. पाणी त्या मृतसाठ्याच्याही खाली, म्हणजे धरण मायनसमध्ये गेलं की ऑक्टोबरात खोल पाण्यात ठेवलेला डबा मे महिन्यात भेगाळलेल्या चिखलात पडलेला असायचा, शेरडं राखणाऱ्या पोराला सिलिंडरशिवाय सापडायचा. शिवाय गढूळ पाणी, चिलापी माशांची जाळी आणि जलसंपदा विभागाची परवानगी. पण ही कारणं मी नंतर शोधली. तुमचं एकच कारण पुरेसं होतं. ते वाक्य काल काढून टाकलं.

या खेळात काहीही न ठेवता नुसती जागा दाखवणारा, तिथली माती-खडक वाचायला लावणारा एक प्रकार आहे, त्याला अर्थकॅश म्हणतात. तुमच्या गावाबद्दल तसलंही काही मी आपण होऊन करणार नाही. मे महिन्यात पाणी उतरलं आणि तुम्ही तिकडं जाणार असाल, तर मात्र कळवा. गाडी माझी, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी माझी. सिलिंडर घरी ठेवून येते.