“दोन रुपयांच्या नटाला ४,२०० रुपये” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण तुम्ही लिहिलंय की गाडीच्या इंजिनात, स्पार्क प्लगच्या भोकात पडलेला दोन रुपयांचा नट काढायला आम्ही ४,२०० रुपये घेतले, दोन दिवस गाडी अडकवली, हेड (इंजिनचं वरचं झाकण) उतरवायची भीती घातली आणि टोचनचा, म्हणजे गाडी ओढून आणायचा, भुर्दंड वर बसला. शिवाय दुसरा एक मेस्त्री म्हणाला, सेल मारला असता, म्हणजे किल्लीनं इंजिन फिरवलं असतं, तर नट सायलेन्सरमधून उडून गेला असता. हे शेवटचं वाचून उद्या कुणीतरी खरंच सेल मारेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी त्या सायलेन्सरचं. तुमचा नट दहाच्या पान्याचा, म्हणजे दहा मिलिमीटर रुंद. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, उघडून उघडून आठ-नऊ मिलिमीटर उघडतो, तोही क्षणभर. नेमक्या त्याच क्षणी नट चपटा होऊन तिथून निसटेल या भरवशावर कुणी आपलं इंजिन पणाला लावावं का? निसटला तरी पुढे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, सायलेन्सर त्याच्या नंतर. अडकला तर व्हॉल्व्ह बंदच होत नाही आणि खालून पिस्टन येऊन धडकतो. पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये काही ठिकाणी मिलिमीटरभरच जागा उरते. नुसतं ८०० आरपीएमवर इंजिन चालू ठेवलं तरी पिस्टन सेकंदाला तेरा वेळा वर येतो. नट पोलादाचा, पिस्टन आणि हेड ॲल्युमिनियमचं. कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला पुढचं सांगायला नको.

टोचन त्यासाठीच. फोनवर मी म्हणालो होतो, सेल मारू नका आणि गियरमध्ये ढकलूही नका, कारण गियरमध्ये ढकलली तरी क्रँक फिरते आणि पिस्टन वरखाली होतो. तुम्ही ऐकलंत म्हणून इंजिन वाचलं, हे श्रेय तुमचंच. टोचनचे पैसे तुम्ही गाडीवाल्याला परस्पर दिलेत, आमच्या बिलात त्यातला रुपया नाही.

आता बिल. प्लगला हात घालण्याआधी तुम्ही बॅटरीची वायर सोडवली होती, ते बरोबरच होतं. त्याच टर्मिनलचा नट इंजिनवर ठेवलात आणि तो घरंगळला. तो आम्ही कॅमेरा आत घालून, लवचिक दांडीच्या मॅग्नेटनं, चहा यायच्या आत काढला. आमचा पोरगा हसला म्हणून तुम्ही नाराज झालात; तो नट हाताला लागला म्हणून हसला. काम तेवढंच असतं तर मी तुमच्याकडून चहाचेच पैसे घेतले असते.

पण तुम्ही जुने प्लग पिशवीतून आणले होते, ते मी पाहिले. एकाचा वरचा पांढरा भाग फुटलेला. प्लग सोडवायच्या पान्याची गोटी तिरकी बसली की असं होतं. तुकडे प्लगच्या खोल विहिरीत पडतात आणि प्लग निघाला की तिथून सिलिंडरमध्ये. हे पोर्सेलिन म्हणजे ॲल्युमिनाची सिरॅमिक, भलतीच कडक. मॅग्नेटला चिकटत नाही, पिस्टनच्या कडेला जाऊन बसते आणि बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, चरे पाडते. कॅमेऱ्यात आत पांढरे कण दिसले. ते आम्ही व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून ओढून घेतले, हट्टी होते ते काडीला ग्रीस लावून उचलले. मग सगळे तुकडे फुटलेल्या प्लगला जुळवून पाहिले, तर एक कोपरा कमी.

दुसरा दिवस त्या कोपऱ्यात गेला. क्रँकच्या पुलीला पाना लावून, हातानं थोडं थोडं फिरवत सिलिंडर आतून पुन्हा पुन्हा पाहिला. शेवटी तो शेजारच्या विहिरीच्या काठाला, तेलकट मातीत चिकटलेला सापडला. म्हणजे तो आत गेलाच नव्हता! पण सापडेपर्यंत हे ना तुम्हाला माहीत, ना मला. नसता सापडला तर हेड उतरवायला लागलं असतं. त्यात नवं गॅसकेट, हेडचे बोल्ट, कूलंट, टायमिंग चेन सोडून पुन्हा लावणं, सगळं आलं आणि बिल कितीतरी पटीनं वाढलं असतं. ते तुम्हाला आधी सांगितलं, त्याला तुम्ही भीती म्हणता. न विचारता हेड उतरवणारे पायलीचे पन्नास मिळतात. त्यानंतर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा किती दाबली जाते ते, पाहिलं, सारखं आलं, मग तुम्ही आणलेले नवे प्लग हातानं आटे धरून बसवले. ४,२०० रुपये या सगळ्याचे आहेत आणि ते कमी होणार नाहीत.

घरी प्लग बदलणाऱ्या बाकीच्यांसाठी: इंजिन गार होऊ द्या, कॉइल काढल्यावर विहिरीत हवा मारा आणि मगच प्लग सोडवा. उघड्या भोकात स्वच्छ फडकं कोंबा, नट-वायसर इंजिनवर न ठेवता ताटलीत ठेवा. तरीही काही पडलंच तर किल्लीला हात लावू नका. तेल ओतायच्या तोंडातून पडलं असेल तरीही तेच. तिथून वस्तू चेनच्या बाजूनं खाली तेलाच्या चेंबरपर्यंत जाऊ शकते.

दादा, नट, सगळे तुकडे आणि कॅमेऱ्याचं शूटिंग काउंटरवर पाकिटात ठेवलंय. सोमवार सोडून कधीही या. त्या दुसऱ्या मेस्त्रींनाही घेऊन या.