मुलगी काय बोलली, ते आईला कळायलाच हवं का?

बडोद्यात माझ्या मामेभावाची मुलगी अकरावीत आहे. तिच्या शाळेत यंदा समुपदेशक बाई आल्या आणि पहिल्याच पालकसभेत मागणी झाली की मूल त्यांच्याशी काय बोललं, याचा लेखी अहवाल प्रत्येक भेटीनंतर घरी यावा. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा वाद अजून चालू आहे. वहिनी सगळ्यांत ठाम. "अहो ताई, मूल आमचं, फी आम्ही भरतो, आणि परक्या बाईला त्याच्या मनातलं कळणार, आम्हाला नाही?"

तिची भीती मला समजते. २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं, ते याच काळजीपोटी. पण अहवालाची मागणी मान्य झाली तर त्या नेमणुकीचा काही उपयोग उरणार नाही, असं मला मेलबर्नमध्ये राहून, एका मुलीची आई म्हणून, अगदी मनापासून वाटतं.

सतरा वर्षांचं मूल त्या खोलीत काय घेऊन जातं? बहुतेकांना मोठा आजार नसतो. विज्ञान घेतलं ते बाबांसाठी, आता झेपत नाही. मैत्रीण बोलेनाशी झाली. घरी रोज रात्री भांडण होतं. आपल्याला मुलांऐवजी मुली आवडतात की काय, ही शंका. यातलं एकही वाक्य 'आई वाचणार आहे' हे माहीत असताना तोंडातून निघत नाही. मग मूल सांगतं, "अभ्यासात लक्ष लागत नाही." समुपदेशक वेळापत्रक करून देतात, झोपेचं बघतात, 'नापास झाले तर सगळं संपलं' हा विचार कागदावर लिहून तपासून बघायला शिकवतात. उपाय सगळे चांगले, पण ते भलत्याच दुखण्यावर होत राहतात. दोन महिन्यांनी आईबाप म्हणतात, काही फरक नाही, बंद करा. गुप्तता ही मुलांची चैन नव्हे, उपचार तिच्यावरच उभा असतो.

वहिनीचा प्रश्न इंग्लंडमध्ये एका आईने कोर्टात नेला होता. व्हिक्टोरिया गिलिक यांना हमी हवी होती की आपल्या सोळा वर्षांखालच्या मुलींना आपल्या संमतीशिवाय डॉक्टर गर्भनिरोधाचा सल्ला देणार नाहीत. १९८५ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ती नाकारली. मुलाला आपल्यापुढची गोष्ट पुरती समजत असेल, तर उपचाराची संमती ते स्वतः देऊ शकतं, असा तो निकाल. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानेही हे तत्त्व स्वीकारलं.

इथे ऑस्ट्रेलियात २००६ पासून 'हेडस्पेस' नावाची मानसिक आरोग्याची केंद्रं आहेत, बारा ते पंचवीस वयाच्या मुलांसाठी. मूल स्वतः फोन करतं, स्वतः जातं. माझी मुलगी बारावीला तिथे गेली, तेव्हा पहिल्या भेटीत मला थोडा वेळ आत बसवलं आणि दोघींसमोर स्पष्ट सांगितलं: जिवाला धोका वाटला किंवा कुणी तिचा छळ करत असेल तर आम्ही गप्प बसणार नाही, बाकीचं तिचं. नंतर मी बाहेर. ती काय बोलली ते मला आजही माहीत नाही. ती जेवायला लागली, कॉलेजला गेली, एवढं माहीत आहे.

इथे सगळं आलबेल आहे, असं मात्र कुणी समजू नये. केंद्रांत ताटकळावं लागतं. खासगी मानसशास्त्रज्ञाकडे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या उपचार-योजनेवर वर्षाला दहाच भेटींसाठी मेडिकेअरचे, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे मिळतात आणि वरचा फरक खिशातून जातो. आणि आजी, मावशी, शेजारच्या काकू ही माणसं इथल्या मुलांना नाहीत. बडोद्याच्या त्या श्रीमंतीचा मला अजून हेवा वाटतो. पण दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत मराठी घरं एकमेकांना इतकी ओळखतात की कारेलीबागच्या मानसिक आरोग्य रुग्णालयाच्या फाटकाशी कुणी दिसलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. गुप्ततेची गरज तिथे मेलबर्नपेक्षा जास्त आहे.

ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, ही पाश्चात्त्य थेरं आहेत. पण गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या 'संगथ' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने दिल्लीच्या सरकारी शाळांत साध्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून मुलांना अडचणी सोडवायला शिकवलं आणि त्याची शास्त्रीय तपासणीही केली. ते काम आपल्याच मातीत झालं आहे.

अडचण कायद्याची आहे, आणि ती खरी आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा गोपनीयतेचा हक्क देतो, पण अठराच्या आतल्या मुलाच्या बाबतीत पालकच त्याचे नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांबाबत त्याच्या वतीने बोलणारे. त्यात पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. सतरा वर्षांच्या मुलीने शरीरसंबंधाची गोष्ट सांगितली, तर तो तिच्या मर्जीचा असला तरी समुपदेशकाला पोलिसांना कळवणं भाग आहे. हे मुलांना बोलायला बसण्याआधी सांगायलाच हवं. नंतर कळलं तर ते मूल पुन्हा कुणाही मोठ्या माणसाला काही सांगणार नाही.

ज्या संस्थानात सयाजीरावांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड लावला, त्या गावाला पालकाच्या मर्जीपेक्षा मुलाचं हित वर ठेवणं नवं नाही.

वहिनी, पुढच्या सभेत अहवाल मागू नकोस. विचार की बाईंचं शिक्षण काय, टिपणं कुणाच्या कपाटात राहतात, मुख्याध्यापकांना ती बघता येतात का, आणि त्यांची खोली ऑफिसला लागून तर नाही ना, जिथून कोण आत गेलं ते सगळ्यांना दिसेल. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर वर्गात लावायला सांग. तो फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत आणि गुजरातीतही बोलता येतं. आणि लेकीला एवढंच सांग की तिथे तू काय बोललीस ते मी विचारणार नाही.