आजोबांचा पाना

नोव्हेंबर लागला की इथे इंग्लंडात सगळ्यांच्या कोटावर युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचं लाल कागदी फूल, पॉपी, दिसायला लागतं. त्याच आठवड्यात मी फॅमिली ग्रुपवर ग्रेव्हसेंडच्या पुतळ्याचा फोटो टाकला, भारतीय पायलट महिंदर सिंग पुज्जींचा, जे १९४१ मध्ये पगडी घालून इथल्या आकाशात हरिकेन ही लढाऊ विमानं उडवायचे. लगेच पुण्याहून चुलतभाऊ, "इंग्रजांचा पगार खाऊन आझाद हिंद सेनेवर बॉम्ब टाकले, त्यांचं कसलं कौतुक?" म्हणजे टोमणा पुज्जींना नव्हताच, आमच्या आजोबांना होता.

आजोबा पायलट नव्हते, विमानं दुरुस्त करणारे फिटर होते. १९४४ ला इंफाळला, भारतीय हवाई दलाच्या एक नंबर स्क्वाड्रनमध्ये, अर्जन सिंगांच्या हाताखाली. जपान्यांशी लढाई मार्च ते जुलै, त्यात तिकडचा पाऊस, चिखलात विमानाखाली आडवं पडून काम. पण लढाईचे किस्से नाहीत, सांगायचे ते रंगाचे. विमानावरच्या गोल निशाणीत मध्ये लाल ठिपका असायचा, तो जपान्यांचा सूर्य वाटून आपलेच लोक गोळ्या घालतील म्हणून बुजवायचा हुकूम निघाला होता. एक हात मारला की वाळल्यावर खालून लाल डोकावायचाच, मग परत दुसरा हात.

चुलतभाऊ अगदीच चूक नाही, समोर जपान्यांबरोबर आझाद हिंद सेना होतीच. पण फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौसैनिकांचा उठाव झाला तेव्हा हवाई दलातलेही शेकडो लोक कामावर गेले नाहीत, आजोबा त्यांतलेच, आणि हे भावाला माहीत असून त्याच्या पोस्टमध्ये येत नाही. इथेही तेच. आमच्या गावातल्या पॉपीच्या कार्यक्रमात भाषण झालं, कॉमनवेल्थच्या शूरांनी आपल्यासाठी वगैरे, नंतर चहाला मी हा संपाचा किस्सा सांगितला तर एका वयस्कर गृहस्थांनी छान छान म्हणत बिस्किटांची प्लेट पुढे केली. इंग्रजांच्या राज्यातला १९४३ चा बंगालचा दुष्काळ तर मी काढलाच नाही, म्हटलं जाऊदे, लोक चांगले आहेत (भित्रेपणाच माझा, दुसरं काय). आजोबांच्या घरी पाच भावंडं होती, मनीऑर्डर आली की चूल पेटायची, त्याला निष्ठा म्हणा नाहीतर गद्दारी.

१९४५ ला हवाई दलाच्या नावापुढे 'रॉयल' लागलं, १९५० ला गेलं. आजोबा म्हणायचे, पाने तेच, नटबोल्ट तेच.

त्यांचा एक पाना चुलतभावाकडेच आहे, बाथरूमचा नळ गळला की तोच काढतो. फोटो पाठव म्हटलंय. ब्लू टिक आल्यात, फोटो नाही.