शाल घालण्याआधी अर्धा तास बसा

पुतणीचा फोन आला तेव्हा इथे ओहायोत पहाटेचे पाच वाजले होते. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींनी 14 जानेवारीला माजी सैनिकांचा सत्कार ठरवलाय. 1953 साली याच दिवशी जनरल करिअप्पा निवृत्त झाले, म्हणून आता देशभर हा माजी सैनिकांचा दिवस पाळतात. "खरं काका, बॅनरवरनंच वाद लागलाय," ती म्हणाली. एक गट म्हणतो, बॅनर मराठीतच. दुसरा म्हणतो, कन्नड नसलं तर परवानगीची कटकट होईल. आणि जाणते म्हणतात, सत्कार कशाला, त्यापेक्षा पेन्शनीची कामं करून द्या.

आमचा मराठी सीमाभाग कर्नाटकात घातला म्हणून 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळतात, त्याच्या सायकल फेरीत मी शाळकरी वयापासून गेलोय. 2004 पासून सुप्रीम कोर्टात असलेला सीमाप्रश्नाचा दावा आमच्या घरी आजही जेवताना निघतो, आणि मराठी पाट्यांचा हक्क मी इथे आलो म्हणून सोडलेला नाही. तरी या एका बॅनरवर दोन्ही भाषा हव्यात, असं मला मनापासून वाटतं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये आमच्या गावचे मराठी गडी भरती झाले, तसे कन्नड घरांतलेही झाले. एकाच बराकीत झोपले, छत्रपती शिवाजी महाराजांचा जयजयकार करत एकत्रच पुढे गेले. त्यातल्या एकालाही स्वतःच्या सत्काराचा बॅनर वाचता आला नाही, तर तो सत्कार अर्धाच झाला.

अमेरिकेत 11 नोव्हेंबरला माजी सैनिकांचा दिवस असतो. त्यातलं सगळंच मला पटतं असं नाही. हॉटेलं फुकट जेवू घालतात, भेटेल तो "आपल्या सेवेबद्दल आभार" म्हणतो आणि पुढे जातो. आपल्या शाल-श्रीफळासारखंच ते, दोन मिनिटांत उरकणारं. मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. इथल्या संसदेच्या ग्रंथालयात 2000 सालापासून माजी सैनिकांच्या आठवणी जमा होतात. दहावीपासूनची मुलंही त्या घेऊ शकतात. अट एवढीच, की मुलाखत किमान अर्ध्या तासाची हवी. माझी मुलगी आमच्या शेजाऱ्यांकडे गेली होती, व्हिएतनामला जाऊन आलेले गृहस्थ. पहिली दहा मिनिटं ते जेवणाबद्दलच बोलले. मग आपल्या एका मित्राबद्दल बोलायला लागले, तेव्हा त्यांची बायकोही स्वयंपाकघरातून येऊन बसली. तिनंही ते कधी ऐकलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. त्याबद्दल आमच्या घराला ठाऊक आहे ते एकच वाक्य: "थंडी लई होती." त्याच इटलीत 10 जुलै 1944 ला नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोने नावाच्या तिथल्या गावानं 2023 साली त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. परक्या मुलखातल्या गावानं आठवण ठेवली, आणि आम्ही आजोबांची पलटण कितवी, हेही कुठे लिहून ठेवलं नाही. त्यांच्या मांडीवर बसून मी मेडलांशी खेळलो, पण विचारलं काहीच नाही.

जाणत्यांचंही खरं आहे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, आणि शेतात झिजलेल्या बोटांचा ठसा मशीन घेत नाही, म्हणून सत्तरी ओलांडलेला माणूस हेलपाटे घालतो. आता फोनवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. हे काम कॉलेजची पोरं ओसरीवर बसून करतील. एकाच फेरीत दोन्ही होईल: आधी दाखला, मग गप्पा. सैनिकांच्या बायकांना मात्र वगळू नका. नवरा सीमेवर असताना मनिऑर्डरीवर घर, शेती, म्हातारी माणसं त्यांनीच सांभाळली. ज्यांचे नवरे गेले, त्यांच्या घरी तर आधी जा.

पुतणीनं वहीत 21 नावं लिहिली आहेत. मी तिला म्हटलं, बॅनर छापायचा तेव्हा छापा. सगळ्यांत म्हाताऱ्या सुभेदारांकडे मात्र या रविवारीच जा. त्यांना आता कमी ऐकू येतं, तेव्हा जवळ बसून मोठ्यानं विचार.