बॅटरीचा लाल दिवा लागला म्हणून लगेच बॅटरी बदलू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला की बॅटरी संपली, नवी टाका. तोवर इंजिन बंद न करता घर गाठा, चालत्या गाडीत बॅटरी चार्ज होतच राहते. डायनामो (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) तपासायचा तर चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघा. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवा. यातलं शेवटचं तेवढं बरोबर आहे.

"बॅटरी संपली." चित्र बॅटरीचं असलं तरी दिवा सांगतो ते चार्जिंगबद्दल. किल्ली ऑन केली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. बॅटरी म्हातारी झाली असेल तर सकाळी सेल मारताना इंजिन जड फिरतं किंवा नुसती टकटक होते, पण एकदा सुरू झालं की दिवा सहसा विझतोच. इंजिन चालू असताना तो पेटून राहिला, तर डायनामोकडून, म्हणजे अल्टरनेटरकडून, बॅटरीला वीज पोचत नाही. डायनामो फिरवणारा बेल्ट सैल किंवा तुटलेला, आतले कार्बन ब्रश झिजलेले, रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा भाग) किंवा डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारा भाग) गेलेला, नाहीतर मागची जाड वायर ढिली, ही नेहमीची कारणं. अशात नवी बॅटरी घातली तर तीही उतरणार. इंजिन बंद ठेवून गाणी ऐकताना नव्या गाड्यांत अक्षरांत जी बॅटरीची सूचना येते, ती वेगळी. ती खरंच बॅटरीबद्दल असते.

खात्रीसाठी साधा मल्टीमीटर पुरे. गाडी रात्रभर उभी असेल तर बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, 12.2 म्हणजे निम्मी उतरली. इंजिन सुरू केल्यावर 13.8 ते 14.5. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावा. आकडा 13 च्या खाली जाऊन तिथेच राहिला तर चार्जिंग नाही. 15 च्या वर सरकत असेल तर रेग्युलेटर बिघडलाय. अशी गाडी बॅटरी उकळवते. काही नव्या गाड्यांत संगणकच चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे आकडा थोडा हलतो, त्याला घाबरायचं नाही. डायनामोच्या जाड वायरीच्या बोल्टवर आणि बॅटरीच्या प्लसवर मिळणाऱ्या व्होल्टमध्ये अर्ध्या व्होल्टचा फरक दिसला तर दोष वायरीत किंवा जोडणीत. डायनामो खोलायची घाई नको.

"चालवत राहा, चार्ज होते." चार्ज होत नाही म्हणूनच तर दिवा लागलाय. आता गाडी फक्त बॅटरीतल्या साठ्यावर आहे. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-अवरची, म्हणजे कागदावर 35 अँपिअर तासभर पुरतील इतकी. इग्निशन, पेट्रोलपंप आणि इंजेक्टर मिळून 10 अँपिअरच्या आसपास, दोन हेडलाइट आणखी 9-10, वायपर 4-5, वर ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा. जुलैच्या पावसात रात्री जांबोटी-कणकुंबीकडून चोर्ला घाटात निघालात तर हे सगळं एकदम चालू असतं, शिवाय इलेक्ट्रिक स्टिअरिंग वळणावळणाला वेगळा करंट ओढतं. तासाभराचाही भरवसा नाही. आधी लाइट मंदावतात, मग स्टिअरिंग जड होतं, मग इंजिन धक्के देऊन बंद. जांबोटीच्या अलीकडे दिवा लागला तर घाटात शिरूच नका, बेळगावकडे वळा.

त्याहून मोठी भीती बेल्टची. बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर इंजिन थंड ठेवणारा वॉटरपंपही असतो. दिव्याबरोबर तापमानाचा काटा चढला तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा, नाहीतर हेड गॅस्केटचा खर्च येतो. इंजिन थांबवूनच बॉनेट उघडा. बेल्ट जागेवर असेल आणि काटा स्थिर असेल, तर एसी, ब्लोअर, टेप, मोबाइल चार्जर बंद करून जवळचं गॅरेज गाठा. वाटेत इंजिन बंद करू नका. रात्री हेडलाइट मात्र बंद करायचे नाहीत. ऊस भरलेल्या ट्रॉलीला मागे लाल दिवा असेलच असं नाही. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर 1033 ला फोन करा.

"वायर काढून डायनामो तपासा." जुन्या डिझेल जीपवर मेस्त्री हे करायचे, तिथून ही सवय आली. चालू इंजिनवर बॅटरी सुटली की डायनामोचे व्होल्ट क्षणात उसळतात. त्यात रेग्युलेटर, डायोड, कधी इंजिनचा ईसीएम, म्हणजे संगणकही जातो. वर ठिणगी पडते, ती बॅटरीतून निघणाऱ्या, चटकन पेट घेणाऱ्या हायड्रोजनजवळ. कुणी तुमच्या गाडीवर हे करू लागलं तर हात धरा.

"टर्मिनल धुवा." जरूर. इंजिन बंद, आधी मायनस काढायचा, मग प्लस. गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा, ब्रशने घासा, कोरडं पुसा, लावताना आधी प्लस. हाताने हलणार नाही इतकं घट्ट हवं. वर पातळ व्हॅसलिन.

डायनामो दुरुस्त करून आणल्यावर पूर्ण उतरलेली बॅटरी त्याच्याच भरवशावर भरू नका. नव्या कार्बनवर पहिल्याच दिवशी पूर्ण भार पडतो. 35 च्या बॅटरीला बाहेरच्या चार्जरवर 3 ते 4 अँपिअरने रात्रभर लावा, मग गाडीत बसवून पुन्हा व्होल्ट मोजा.