मोठा फ्यूज टाका म्हणे!

"बोटीच्या टॉयलेटची मोटर बंद? मेकॅनिकला पैसे देऊ नका, हे ५ उपाय करा" असा एक फॉरवर्ड फिरतोय. माझा भाचा गेटवेसमोर उभ्या असणाऱ्या एका यॉटवर क्रू आहे, त्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, मामा ४० अँपिअरचा फ्यूज कुठे मिळेल? तिथे माझं डोकं फिरलं, म्हणून हे लिहितोय.

पहिला उपाय, "फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा टाका." अरे बाबांनो, फ्यूज मोटरला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. १२ व्होल्टची टॉयलेटची मोटर चालताना मॉडेलप्रमाणे साधारण १५ ते २५ अँपिअर खाते. पाहुण्यांपैकी कोणीतरी वेट वाइप टाकलं, ते मॅसरेटरच्या, म्हणजे मैला बारीक करणाऱ्या यंत्राच्या पात्याला गुंडाळलं, मोटर जाम झाली की हाच करंट कुठच्या कुठे जातो आणि फ्यूज उडतो, म्हणजे त्याने त्याचं काम केलं! आता तिथे ४० चा टाकलात तर पुढच्या वेळी फ्यूज शाबूत राहणार आणि वायर तापणार, आणि ती वायर जाते कुठून तर प्लायवुडच्या पॅनेलमागून, गादीच्या फोमखालून, बिल्जमधल्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणाऱ्या तेलकट पाण्यावरून. भर समुद्रात आग लागल्यावर पळणार कुठे? मॅन्युअलमध्ये जो आकडा आहे तोच फ्यूज. तोही उडत असेल तर आधी पातं बघा, मग मोटरच्या सीलमधून खारं पाणी आत गेलंय का ते बघा.

दुसरा, "मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे वायरिंग ओके, मोटर गेली." एक तर नुसती उभी असलेली लेड अॅसिड बॅटरी १२ दाखवत असेल तर ती बरीचशी उतरलेली आहे, भरलेली १२.६ - १२.७ दाखवते. आणि लोड नसताना मोजून काय कळणार, वायरची एक तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतं. कोणाला तरी फ्लशचं बटण दाबायला सांगा आणि तेव्हा मोटरच्या टर्मिनलवर मोजा. १२.६ चे ९ झाले तर मोटरला शिव्या देऊ नका, वाटेत कुठेतरी जोड कळकलाय. बहुतेक वेळा स्विचमागे काळी टेप गुंडाळलेला जोड असतो, टेप सोडली की हिरवी भुकटी हातावर पडते. आणि निगेटिव्हची बाजूही तपासा, ती सगळे विसरतात.

तिसरा, "घरातली उरलेली वायर चालते, १२ व्होल्टला शॉक लागत नाही." शॉक सहसा लागत नाही, मान्य. पण २० अँपिअरने वायर तापते त्याचं काय? बोटींच्या वायरिंगसाठी अमेरिकेतल्या एबीवायसी या बोटींचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं ई-११ हे स्टँडर्ड आहे, त्यात व्होल्टेज ड्रॉप (वायरमध्येच खाल्लं जाणारं व्होल्टेज) महत्त्वाच्या सर्किटला ३ टक्के आणि बाकीच्यांना १० टक्क्यांपर्यंत चालतो, आणि वायरची लांबी जाऊन-येऊन धरायची. बॅटरीपासून टॉयलेट ६ मीटर असेल तर १२ मीटर. १.५ स्क्वेअर मिलीमीटरची घरगुती वायर २० अँपिअरला तिथे जवळपास ३ व्होल्ट खाते, म्हणजे २० टक्क्यांच्या वर. मोटर घूंऽऽ करून तशीच राहणार. शिवाय साधं तांबं खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आत काळं पडतं, म्हणून टिन चढवलेली वायर घ्या.

चौथा, "मोटर डायरेक्ट बॅटरीला लावा." हे, नाइलाजाने म्हणतो, अर्धं खरं आहे. क्षणभर टेस्ट म्हणून, मध्ये फ्यूज ठेवून, ठीक. मोटर फिरली तर बिघाड स्विच, रिले किंवा वायरमध्ये. लाल-काळी उलटी लावू नका, मोटर उलटी फिरेल आणि पाणी ओढणार नाही. पेट्रोल इंजिनच्या बंद खणाजवळ तर ठिणगी नकोच. पण फॉरवर्डवाला म्हणतो तसंच कायम ठेवा! काही सिस्टिम मैल्याची टाकी भरली की स्वतःच फ्लश बंद करतात, तो बिघाडच नसतो, टाकी रिकामी करायची असते. डायरेक्ट लावलंत तर ते सगळं कुठे येईल ते सांगायला नको.

पाचवा, जोडावर गंजरोधक स्प्रे मारा. मारा, पण आधी जोड घासून नव्याने क्रिंप करा, म्हणजे टर्मिनल वायरवर दाबून बसवा, नाहीतर स्प्रे वाया.

आणि जे लिहायला हवं होतं ते त्यात कुठेच नाही. मोटर उघडण्याआधी ब्रेकर बंद आणि दोन्ही सीकॉक (बोटीच्या अंगातून पाणी आत-बाहेर नेणाऱ्या भोकांवरचे व्हॉल्व्ह) बंद. टॉयलेट बरेचदा पाण्याच्या पातळीखाली असतं, होज काढली की समुद्र आत. सीकॉक जाम असेल तर मोटरला हातच लावू नका, आधी तो फिरता करून घ्या.