अनुभव मिळतो कुठे, ते आधी सांगा

निवडणूक जवळ आली की एक प्रश्न ठरलेला असतो. ‘त्याला अनुभव काय आहे?’ गंमत म्हणजे हा प्रश्न फक्त बाहेरून आलेल्यालाच विचारतात. एखादी शिक्षिका, एखादा वकील, वीस वर्षं सतरंज्या उचललेला कार्यकर्ता उभा राहिला की लगेच. साहेबांचे चिरंजीव पंचविशी ओलांडल्या ओलांडल्या अर्ज भरतात, तेव्हा कुणी तोंड उघडत नाही. त्यांचा अनुभव बहुधा बंगल्यावरच पूर्ण झालेला असतो.

कायद्याला यातलं काही नको आहे. विधानसभेला, लोकसभेला वय २५, भारताचं नागरिकत्व, मतदारयादीत नाव, आणखी दोन-चार अटी, झालं. मंत्री व्हायला तर शपथेच्या दिवशी आमदार असावं लागत नाही, सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहात आलात की पुरे. नरेंद्र मोदी ऑक्टोबर २००१ मध्ये गुजरातचे मुख्यमंत्री झाले तेव्हा ते आमदारही नव्हते. उद्धव ठाकरे नोव्हेंबर २०१९ मध्ये झाले, तेही नव्हते. ऐन कोरोनात सहा महिने संपत आले आणि मे २०२० मध्ये ते विधान परिषदेवर बिनविरोध गेले. राजीव गांधी १९८४ मध्ये कधी मंत्री न होता थेट पंतप्रधान झाले. या तिघांबद्दल तुमची मतं तुमच्यापाशी ठेवा, कमेंटमध्ये मारामारी नको.

आता उलट बाजू. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, तिथून वर चढत मुख्यमंत्री झाले. आर. आर. पाटील म्हणजे आबा, सांगली जिल्हा परिषदेत अकरा-बारा वर्षं काढून १९९० मध्ये आमदार झाले. पायरी न चुकवता आलेली दोन माणसं. २६/११ नंतर, डिसेंबर २००८ मध्ये, मुख्यमंत्री विलासराव आणि गृहमंत्री आबा, दोघांनाही राजीनामा द्यावा लागला. तरी त्याच आबांनी त्याआधी ग्रामविकास खातं हातात असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणलं आणि गावंच्या गावं हातात झाडू घेऊन उतरली. ग्रामपंचायत कशाने हलते, सरपंचाला काय लागतं, बक्षिसाची चुरस गावाला कशी पेटवते, हे त्यांना जिल्हा परिषदेनं शिकवलं होतं. गृहखात्याचं तसं शिक्षण त्यांना कुठे मिळणार होतं? तेव्हा ‘अनुभव आहे’ एवढं ऐकून माझं समाधान होत नाही. कशाचा आहे, तेही सांगा.

म्हणून उमेदवारीला अनुभवाची अट घालायला माझा ठाम विरोध आहे. अट घातली की सत्तेत आधीपासून बसलेल्यांची सोय होईल, दुसरं काही नाही. पण निवडून आल्यावर खातं कुणाला द्यायचं, तिथे मात्र अनुभव बघितलाच पाहिजे. फाईलवर ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा मारायला अक्कल लागत नाही. सचिवानं पुढे केलेली टिप्पणी कुठल्या परिच्छेदात अडवायची, त्याला लागते.

अननुभवाची किंमत नसते असंही मी म्हणणार नाही. आमच्या गावात महिला आरक्षणातून एक काकू सरपंच झाल्या. बचत गटाचे हिशेब चोख ठेवलेल्या, पण ग्रामपंचायतीची पायरी कधी चढलेल्या नव्हत्या. पहिल्या वर्षी गटाराचं एक काम हातचं गेलं. ठराव झाला, अंदाजपत्रक झालं, तांत्रिक मान्यतेसाठी फाईल पंचायत समितीत गेली आणि तिथेच बसली. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणायचे, ‘होईल की ताई, एवढी काय घाई?’ काकूंना वाटलं, होईल. मार्च एंडला आर्थिक वर्ष संपलं आणि आमच्या आळीत पावसाळाभर तेच पाणी. लोकांनी नावं ठेवली, त्यात मीही होतो, आणि ठेवायलाच हवी होती. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधीच त्या पंचायत समितीत जाऊन अभियंत्याच्या टेबलासमोर बसल्या. घरी डबा सांगून ठेवलेला, संध्याकाळपर्यंत उठायचं नाही असं ठरवून. काम झालं. बिल निघायच्या आधी एमबीवर, म्हणजे कामाच्या मोजमापाच्या वहीत, काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणाल्या, तेव्हा ठेकेदाराचा चेहरा बघण्यासारखा होता. हे सगळं त्यांना कुठल्या प्रशिक्षण शिबिरात कळलं नाही. (शिबिरात बॅग आणि जेवण चांगलं होतं, असं त्याच सांगतात.)

एक वर्ष वाया गेलं ते एका गावाचं, एका गटाराचं. अशा चुका तिथेच होऊन जाव्यात, मंत्रालयात नकोत. ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपालिका, महापालिका हा जिना त्यासाठीच आहे. देवेंद्र फडणवीस २०१४ मध्ये मंत्री न होता मुख्यमंत्री झाले खरे, पण १९९२ पासून ते नागपूर महापालिकेत होते, महापौर होते, नंतर पंधरा वर्षं आमदार. मनोहर जोशींनीही मुंबईचं महापौरपद आधी केलं होतं.

आणि हाच जिना आपण काढून ठेवला होता. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह कितीतरी महापालिकांची मुदत संपली. मग ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट, तारखा. तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. मुंबईत २२७ नगरसेवकांच्या जागी एक अधिकारी. २०२५-२६ चा तिथला अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. तो प्रशासनानेच मांडला आणि प्रशासनानेच मंजूर केला. स्थायी समितीत उभं राहून ‘हे टेंडर वाढलं कसं?’ असं विचारणारं कुणी नव्हतं. एका अख्ख्या पिढीनं ते विचारायला शिकण्याची वर्षं होती ती. जिल्हा परिषदांचंही तेच. सगळ्या पक्षांची सरकारं या ना त्या काळात होती, फारसं कुणाचं अडलं नाही. आमदारांचं तर नाहीच. वॉर्डात नगरसेवक नसला की सगळे फोन त्यांनाच येतात, सगळे फ्लेक्स त्यांचेच लागतात.

आणि हेच लोक पुढे तिकिटं वाटताना तोंड वर करून म्हणणार, ‘नवीन पोरांना अनुभव नाही हो, म्हणून आमच्याच घरात दिलं.’

आमच्या प्रभागात पत्रकं घेऊन कुणी आलं की मी दोनच गोष्टी विचारतो. पालिकेचं बजेट कुठल्या महिन्यात मांडतात, आणि आपल्या वॉर्डात शेवटचं टेंडर कशाचं निघालं? नवख्याला नाही आलं तर चालेल, विचारून येतो म्हणाला तरी मी त्याला चहा देतो. दोन टर्म झालेल्याला नाही आलं, तर पत्रक दारातूनच परत.